जिवंत मासा घरी न्यायचा तर

बुधवार, १२ फेब्रुवारी

पडदे आज पुन्हा धुतले. या महिन्यात तिसऱ्यांदा. मळले नव्हते, पण हाताला काहीतरी काम लागतंच.

ही डायरी लिहायची कल्पना ह्यांची. म्हणाले, "दिवसभर कुणाशी बोलत नाहीस, निदान वहीशी तरी बोल." मी म्हटलं, तेवीस वर्षं बोलले तेवढं पुरे झालं. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर दिवसाला तीन-चारशे फोन घ्यायचे मी. "नमस्कार, कुठे जोडून देऊ?" डिसेंबरात बोर्ड काढला. आता तिथं यंत्र बोलतं, एक दाबा, दोन दाबा. निरोपाला मला फुलं दिली आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. मला त्याचं काही म्हणजे काही वाटत नाही. हे मी सगळ्यांना सांगितलंय, इथंही लिहून ठेवते.

ते घड्याळ भिंतीवर लावताना अण्णा स्टुलावरून पडले. अण्णा म्हणजे माझे सासरे. वय अठ्ठ्याहत्तर, सगळा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला, त्यामुळे खिळा दुसऱ्या कुणी ठोकलेला चालत नाही. उजव्या पायाचं हाड मोडलं. परवा प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी बजावलंय की रोज काठी घेऊन चाललंच पाहिजे, नाहीतर पाय आखडेल आणि मग कायमची खुर्ची. अण्णांनी शहाण्यासारखी मान डोलावली, घरी आले आणि पलंगावर आडवे झाले ते झालेच.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

"अण्णा, दोन पावलं चाला. दारापर्यंत."

"दाराशी काय आहे?"

"काही नाही."

"मग कशाला जाऊ?"

सकाळपासून हे चाललंय. शेवटी मी हात टेकले आणि विचारलं, तुम्हाला चालायला काय लागेल ते तरी सांगा. त्यांनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, "मासा."

"तळलेला?"

"जिवंत. तलावातला. परसातल्या हौदात सोड. रोज चालत जाऊन बघीन."

मी म्हटलं, दुकानातून आणते, काचेच्या भांड्यासकट. तर म्हणे तो खेळण्यातला वाटतो. बाजारातला मेलेला असतो. तलावातलाच हवा आणि घरच्या माणसाने धरलेला हवा. "तुझा नवरा पाव भाजतो, माझा पाय मोडलाय. घरात उरलं कोण?"

मी आयुष्यात मासा धरलेला नाही. घरातून बाहेर पडल्यालाही, खरं सांगायचं तर, बरेच दिवस झाले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं की तुमच्या वडिलांचं वय बोलायला लागलंय. ह्यांनी आधी अण्णांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "मासा काही वाईट नाही." एवढंच. बेकरीत पहाटे तीनपासून भट्टीपुढे उभं राहून ह्यांचं डोकंही तापत असावं.

रविवार, १६ फेब्रुवारी

गेले. म्हटलं, एकदा जाऊन येते म्हणजे अण्णांचं समाधान होईल.

काठी, रीळ, गळांची डबी सगळं अण्णांच्या पलंगाखाली तयार होतं. कुठून आलं विचारलं तर म्हणाले, "घरात होतंच, जुनं." काठीवर दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता. जुन्या वस्तू किती जपून ठेवतात अण्णा!

बसने चाळीस मिनिटं. शेवटच्या थांब्यावर उतरलं की समोर फाटक, फाटकाशी पत्र्याची खोली, आणि खोलीच्या दारात गळ्यात शिट्टी अडकवलेला एक लांबलचक माणूस. सगळे त्याला शिट्टीच म्हणतात. त्याच्या मागे नियमांची पाटी आहे, अक्षरं मुंगीएवढी.

पहिल्या तासात मी एक झुडूप पकडलं, दोनदा स्वतःची ओढणी, आणि एकदा शेजारच्या माणसाची टोपी. त्यांना प्रोफेसर म्हणतात. कसले प्रोफेसर माहीत नाही, पण घडीची खुर्ची, छत्री आणि प्रत्येक गोष्टीवर मत असा सगळा सरंजाम असतो. त्यांनी टोपीवरचा गळ सोडवून दिला आणि म्हणाले, "बाई, मासे पाण्यात असतात."

मासा मिळाला नाही. पाच तास कुठे गेले कळलं नाही. ही फक्त नोंद, त्यात आनंदाचा काही भाग नाही.

घरी आले तर स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली टेबलावर, उघडा. हे तर झोपले होते. शेजारच्या मांजराने झाकण कसं फिरवलं असेल, कमाल आहे.

रविवार, २३ फेब्रुवारी

आज मी मासा धरला! मी!

ह्यांनी बेकरीतून पिठाचा गोळा आणून दिला होता, त्यात थोडी साखर आणि बडीशेप. म्हणाले, "पावाला गिऱ्हाईक येतं तर याला का येणार नाही?" अकरा वाजता दोरीवरचं तरंगतं बूच हललं. मला वाटलं वारा. मग ते असं खाली गेलं की मी ओरडलेच. काठी वाकली, मी दोन्ही हातांनी धरली. प्रोफेसर खुर्चीतून उठून "सैल सोडा! आता ओढा! सोडा!" करत होते, आणि शेवटी गवतात तो पडला. तांबूस सोनेरी, तोंडाशी दोन्हीकडे मिशा. इथं त्याला मिशीवालाच म्हणतात. मी त्याच्याकडे बघत बसले. तो माझ्याकडे बघत होता. माझ्या तोंडून आपोआप "नमस्कार" निघालं.

बादलीत तलावाचं पाणी भरलं, त्यात त्याला सोडलं, वर रुमाल बांधला आणि विजयी वीरासारखी निघाले. फाटकाशी शिट्टी वाजली.

"बादलीत काय?"

"मासा. जिवंत."

"पाणी कुठलं?"

"तलावातलं. मासा तलावातला, पाणी तलावातलं."

"ओता."

मला वाटलं हा माणूस गंमत करतोय. पण त्याचा चेहरा गंमत करायला बनलेलाच नाही. तलावाचं थेंबभर पाणी फाटकाबाहेर जायचं नाही, जिवंत मासा पावतीशिवाय जायचा नाही. म्हटलं, सासरे आजारी आहेत. म्हणाला, पाण्याला ते कळत नाही. म्हटलं, मग काय करू? मारून न्या, नाहीतर फाटक ओलांडायच्या आत परत सोडा.

माझ्यामागे सहा माणसं खोळंबली होती. मी बादली उचलून परत काठापर्यंत गेले आणि त्याला पाण्यात सोडलं. शेपटीचा एक फटका, आणि गेला. इतका संताप आला होता, तरी मी हसत का होते ते मला सांगता येणार नाही.

अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी चार वेळा सांगायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे परत जावं लागणार."

"जावंच लागणार," मी म्हटलं. "त्या शिट्टीला मी दाखवते."

रविवार, २ मार्च

आज गळ टाकण्याआधी शिट्टीच्या खोलीत बसून सगळे नियम उतरवून घेतले. तो वाचत होता, मी लिहीत होते. माणूस असा वाचतो की जणू प्रत्येक शब्द दाताखाली खडा. मधे मी म्हटलं, जरा श्वास घ्या, मग पुढचं वाक्य. त्याने घेतला. म्हणाला, "असं बरं वाटतं की."

तर जिवंत मासा घरी न्यायचा तर तो मिशीवालाच हवा, दीड वीत तरी हवा, आणि एका घराला महिन्यातून एकच. भांडं घरून आणायचं, पाणीही घरून, नळाचं, आणि ते आदल्या दिवशीच भरून उघडं ठेवायचं, कारण ताज्या नळाच्या पाण्यातलं औषध माशाला सोसत नाही. तलावाशी आलं की ते भांडं सावलीत ठेवून तलावाइतकं गार होऊ द्यायचं. भांड्याला भोकांचं झाकण. बुडबुड्यांचं छोटं यंत्र लावायचं, सेलवर चालतं ते. पावतीवर वेळ पडते, तिथून दोन तासांत घर. घरी हौदात सोडायचा, नदी-नाल्यात नाही. आणि हे मात्र मी दोनदा विचारलं: एकदा फाटकाबाहेर गेलेला मासा परत तलावात आणायचा नाही. कधीच नाही.

"एवढं कशाला हो?" मी विचारलं.

तेव्हा त्याने पलीकडच्या डोंगराकडे बोट केलं. तिथंही तलाव आहे. कुणीतरी कुठूनतरी बादलीभर पाणी आणून ओतलं, त्यात तिळाएवढ्या गोगलगायी होत्या. दोन वर्षांत त्यांनी तळाचं गवत फस्त केलं, पाणी गढूळ झालं, मासे संपले. "माझे वडील त्या तलावावर होते," शिट्टी म्हणाला. "आता तिथं फाटकही नाही."

मग मला त्याचा राग आला नाही.

नियम घरी येऊन अण्णांना वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले. तर म्हणाले, "बोर्डावर असताना असंच बोलायचीस का गं?" म्हटलं, असंच. "बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं." आणि खरंच झोपले.

रविवार, ९ मार्च



सकाळी दोन मासे आले, दोन्ही वीतभरच. सोडून दिले. दुपारी प्रोफेसर उठले. त्यांनी आज आमिषासाठी छोटे जिवंत मासे आणले होते, डब्यात, कुठल्या दुसऱ्या पाण्यातले. पावसाळी कोटाच्या आतून फाटकातून आत आणले, ते मला नंतर कळलं. उरलेले मासे पाण्यासकट तलावात ओतायला ते काठाशी वाकले. मी शेजारीच उभी होते. डब्याच्या कडेला तीळ चिकटले होते. मनात आलं, ह्यांनी काल पावावर लावले तसे तीळ. आणि त्यातला एक तीळ चालायला लागला.

"थांबा!"

माझा आवाज. बोर्डावर आम्हाला एक आवाज शिकवला होता, अपघाताचा फोन आला आणि कुणी घाबरून फोन ठेवायला लागलं की वापरायचा. मोठा नाही, पण हलू देत नाही. सगळा काठ थांबला. समोरच्या काठावरच्या माणसाचा हात हवेत थांबला. प्रोफेसर डबा तिरका धरून पुतळ्यासारखे उभे. शिट्टी धावत आला, डबा काढून घेतला, आत बघितलं आणि मटकन खालीच बसला.

एक थेंबही पडला नव्हता. शिट्टीने तीनदा तपासलं.

प्रोफेसरांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "मला माहीत नव्हतं हो. आठ वर्षं येतोय. ती पाटी कोण वाचतं?" पहिल्यांदाच त्यांच्याकडे मत नव्हतं. मला त्यांची दया आली.

शनिवार, १५ मार्च

तलाव बंद! पाण्याची तपासणी होईपर्यंत कुणाला प्रवेश नाही, आणि जिवंत मासे न्यायची सवलत बहुतेक कायमची रद्द. शिट्टीने शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. त्याचा आवाज अगदी पडलेला होता.

अण्णांना सांगितलं तर ते ताडकन उठून बसले. एवढं त्यांना लागेल असं वाटलं नव्हतं. "मग तू रविवारी काय करणार?"

"माझं राहू दे, तुमच्या माशाचं काय?"

"हो, मासा. माशाचंच म्हणतोय मी."

बिचारे. किती जीव लावून बसलेत त्या माशावर. मी पडदे काढले धुवायला. अण्णा पलंगावरून म्हणाले, "ठेव ते. ठेव म्हणतो ना!" इतक्या वर्षांत ते माझ्यावर ओरडले नव्हते.

मंगळवार, १८ मार्च

शेजाऱ्यांकडून तलावाच्या कचेरीत फोन लावला. यंत्राने उचलला. एक दाबा, दोन दाबा. मी नऊपर्यंत सगळं दाबलं. मग चपला घातल्या आणि स्वतःच गेले.

अधिकारी बाई तरुण आहेत, चष्म्याच्या, टेबलावर कागदांचा ढीग. म्हणाल्या, "लोक नियम पाळत नाहीत, मी काय करू?"

मी म्हटलं, "लोकांना नियम माहीतच नाहीत. तुमची पाटी वाचायला भिंग लागतं. तुमच्या माणसाने वाचून दाखवलं तर झोप येते. मीसुद्धा तलावाचं पाणी घेऊनच निघाले होते, बाई. चोरी म्हणून नाही, प्रेमाने. मासा आपल्या घरच्या पाण्यात राहील म्हणून."

त्या म्हणाल्या, "मग कसं सांगायचं?"

मी खुर्चीत सरळ बसले आणि सांगितलं. नियम पाठच होते. तेवीस वर्षांची सवय, घाबरलेल्या माणसाला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, आणि त्याला वाटलं पाहिजे की आपण त्याच्याच बाजूने आहोत. "नमस्कार. आपण मासा घरी नेताय, छान. आधी एक करू या, आपल्या डब्यातलं पाणी बघू या." असं करत शेवटपर्यंत. सांगून झालं तेव्हा बाजूच्या टेबलावरचे दोन कारकून काम सोडून ऐकत होते. एकाने हळूच विचारलं, "आणि पाणी आदल्या दिवशीच भरायचं ना?" त्याने जन्मात गळ टाकला नसेल.

बाई म्हणाल्या, चार रविवार. ध्वनिक्षेपक देते, फाटकाशी तुम्ही बसा. चार रविवारांत तलावाच्या पाण्याचा एकही डबा बाहेर गेला नाही तर सवलत राहील. एकही गेला तर संपलं.

मी हो म्हणाले. बसमध्ये बसल्यावर शंका सुरू झाल्या. लोकांना माझं ऐकायचं नसलं तर? यंत्र परवडलं म्हणाले तर? बोर्डावर निदान समोरचं माणूस दिसायचं नाही.

घरात शिरले तर अण्णा पलंगावर, पण धापा टाकत होते. कपाळावर घाम. खिडकीतून मला येताना बघितलं म्हणाले. खिडकी पलंगापासून दहा पावलांवर आहे. मान फारच लांब केली असणार.

रविवार, ३० मार्च

तपासणीत पाणी स्वच्छ निघालं. आज उघडलं.

सकाळी सातला मी ध्वनिक्षेपकासमोर. शिट्टी शेजारी. पहिलं "नमस्कार" म्हटलं ते किरकिरत गेलं आणि झाडावरचे सगळे पक्षी उडाले. काठावर हशा पिकला. मीही हसले, तेही ध्वनिक्षेपकातून. आणि मग जमलं.

दर तासाला सांगत गेले. दुपारपर्यंत लोक मला येऊन विचारायला लागले. माझा डबा चालेल का? झाकणाला किती भोकं? एका आजींनी विचारलं, मासा मेला तर पावती परत करायची का? एक जोडपं घरून पाणी आणायचं विसरलं होतं, त्यांनी आपणहून मासा सोडून दिला आणि मला लांबूनच हात दाखवला.

एकही डबा गेला नाही. शिट्टीने माझ्यासाठी चहा केला. अतिशय वाईट चहा. दोन कप प्याले.

रविवार, २० एप्रिल

चौथा रविवार!

मधल्या दोन रविवारांबद्दल लिहिलंच नाही, वेळ कुठंय? रविवारी तलाव, बुधवारी कचेरीत नव्या पाटीचा मजकूर, अक्षरं हातभर करून घेतली. पडदे काढलेल्या जागी तसेच गुंडाळून पडलेत.

आज शेवटच्या तासाला सगळेच फाटकाशी जमले. कुणी बोलावलं नव्हतं. एकेक डबा तपासून होत होता आणि लोक मोजत होते, मोठ्याने. शेवटचे प्रोफेसर. त्यांच्या हातात बादली. माझा जीव टांगणीला. ते फाटकाच्या अलीकडे थांबले, बादली डोक्यावर उचलली आणि उलटी केली. त्यातून काहीच पडलं नाही. रुमालाने कोरडी पुसून आणली होती, आतून-बाहेरून. टाळ्या काय, शिट्ट्या काय! शिट्टीने स्वतःची शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की त्यातला मणी अडकला.

अधिकारी बाई मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, सवलत राहिली. आणि तुम्हीही राहा, दर रविवारी. जमेल का?

मी म्हटलं, "घरी विचारून सांगते." का म्हटलं कुणास ठाऊक. विचारायचं काय होतं त्यात! घरी आल्या आल्या सांगितलं. हे माझा हात धरून बसले, पिठाच्या हाताने. अण्णा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. त्यांचे खांदे हलत होते. खोकला असेल.

पण एवढ्या सगळ्यात अण्णांचा मासा राहूनच गेला, याची मला लाज वाटते. पुढच्या रविवारी काही झालं तरी.

रविवार, २७ एप्रिल

सगळं नीट लिहायचंय.

पाणी काल भरून ठेवलं. आज ध्वनिक्षेपक तासभर शिट्टीकडे दिला (आता तो श्वास घेऊन वाचतो) आणि मी काठावर बसले. दहा वाजून गेल्यावर तो आला, मिशीवाला, दोन विती. ओल्या फडक्यात धरून डब्यात सोडला. यंत्राचे बुडबुडे सुरू. शिट्टीने माझीच तपासणी केली, जराही सूट दिली नाही. पावतीवर वेळ घातली, दहा पंचेचाळीस. शिक्का मारताना त्याचा चेहरा पहिल्यांदा थोडा हलला.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "डब्यात काय?"

"मासा. जिवंत. पावती आहे."

"त्याची?"

"त्याची."

त्याने पावती वाचली, डब्यात डोकावला आणि ओरडला, "जरा जागा द्या, मासा आहे!" मला खिडकीची जागा मिळाली.

अर्ध्या वाटेत बस बंद पडली. बॉनेटमधून वाफ. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास तरी. आणि त्याच वेळी बुडबुडे थांबले. सेल संपले होते. सुटे सेल मी घरी टेबलावर ठेवून आले होते! जगाला नियम सांगणारी बाई. मासा वर येऊन तोंड उघडायला-मिटायला लागला. मला रडू फुटणार होतं.

मग आठवलं, शिट्टीने सांगितलं होतं, यंत्र बंद पडलं तर त्याच डब्यातलं पाणी पेल्याने वर उचलून परत ओतत राहा, धार जितकी उंचावरून तितकी हवा आत जाते. थर्मासचं झाकण घेतलं आणि सुरू केलं. पाच मिनिटांत हात भरून आला. मागच्या सीटवरच्या बाई म्हणाल्या, "द्या इकडे." त्यांच्यानंतर कंडक्टर. त्यानंतर एक सुटाबुटातले गृहस्थ, बाह्या वर करून.

आणि मी तो आवाज लावला. "सावकाश. प्रत्येकी पन्नास वेळा, मग पुढचा हात. डावीकडच्या ओळीने तयार राहा. छान चाललंय." अख्खी बस पाळीने उभी! कुणी मोजत होतं, कुणी पावती बघून किती वेळ उरला ते सांगत होतं. एका काकूंनी शाल ओली करून डब्याभोवती गुंडाळली. बस सुरू झाली तरी कुणी थांबेना. ड्रायव्हर खड्ड्याआधी ओरडायचा, "धरा, मासा धरा!" आमच्या थांब्यावर कंडक्टरने डबा स्वतः खाली उतरवून दिला, आणि सगळे खिडक्यांतून हात हलवत होते. मला नाही, त्याला.

बारा वाजून अडतीस. सात मिनिटं राखून.

हौदातही कालच पाणी भरलं होतं. आधी डबा तसाच हौदात ठेवला, मग हळूच सोडला. तो एक फेरी मारून आला, मिशा हलवल्या. ह्यांनी अण्णांना धरून खुर्चीवर बसवून परसात आणलं. अण्णा बघत राहिले. मी म्हटलं, "अण्णा, हा घ्या तुमचा मासा."

"तू धरलास?"

"मी धरला."

"सगळं सांग. पहिल्यापासून."

मी सांगितलं. बसपाशी आले तेव्हा ते इतके हसले की डोळ्यांतून पाणी. मग म्हणाले, "चेहरा बघ तुझा." म्हटलं, काय झालंय? काही लागलंय का? मी ओढणीने पुसला.

शुक्रवार, २ मे

आज जे झालं ते डॉक्टरांना कळवायलाच हवं.

कचेरीतून लवकर परत आले. मागच्या दाराने परसात शिरले तर अण्णा हौदाशी उभे. उभे! काठी नाही, आधार नाही, एका हातात पावाचा तुकडा, आणि हौदाभोवती चक्कर मारत माशाशी गप्पा चाललेल्या. अगदी खटाखट पावलं टाकत होते, घड्याळासारखी. मला बघितलं आणि तिथंच खुर्चीत कोसळले. "आई गं, पाय!"

मी धावत गेले. "अण्णा, तुम्ही चाललात! माशामुळे!"

त्यांनी पावाचा तुकडा खिशात घातला. मग म्हणाले, "हो. माशामुळेच."

पाच दिवसांत! पाच दिवस मासा बघितला आणि पाय सुटला. अडीच महिने औषधांनी जे झालं नाही ते! ह्यांना बेकरीतून बोलावून आणलं आणि सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकून घेतलं, अण्णांकडे बघितलं आणि हसायला लागले ते थांबेचनात. हौदाच्या कठड्याला धरून हसत होते. अण्णा त्यांना डोळे वटारून दाखवत होते. इतक्या गंभीर गोष्टीत हसण्यासारखं काय आहे ते मला दोघांनीही सांगितलं नाही.

"आता पूर्ण बरा होईन असं वाटतं," अण्णा म्हणाले. "फक्त एक आहे. तो एकटा पडलाय."

"कोण?"

"मासा. बघ ना कसा फिरतोय. जोडीदार हवा त्याला."

मी बघितलं. एकटा दिसत होता खरा. एका घराला महिन्यातून एकच, पण एप्रिल संपला की! मी हिशोब करून सांगितलं की परवाच आणता येईल. अण्णांचा चेहरा जरा पडल्यासारखा वाटला. म्हणाले, "घाई नको. नीट बघून आण. मला घाई नाही, महिना लागला, दोन महिने लागले, वर्ष लागलं तरी चालेल."

किती समजूतदार माणूस. मी आत्ताच पाणी भरून, उघडं करून, सावलीत ठेवलं. सेल दोन जोड घेतलेत.